फोटोखालची ओळ

त्या हिरोचं नाव मी सांगत नाही. सांगून काय करू? पंधरा दिवसांपासून तुमच्याच तोंडी आहे ते. सोमवारी दुपारी बातमी आली का मुंबईत त्यानं आपल्या हातानं जीव दिला, अन् सांजेपर्यंत आमच्या नागपुरात जो तो डॉक्टर झाला, जो तो पोलीस झाला, अन् जो तो त्याचा सगा भाऊ झाला. आमच्या ऑफिसखाली देवाजीचा पानठेला आहे. तिथं एक जण म्हणे बायकोनं छळलं, दुसरा म्हणे नशा करे, तिसरा म्हणे मारलं त्याले, हे सगळं सेटिंग आहे. देवाजी सुपारी कातरता कातरता म्हणे, इतका पैसा, इतक्या गाड्या, तरी असं करते म्हणजे डरपोक होता साला. सगळ्यायनं माना हालवल्या. मीही हालवली.

माझं नाव ताराचंद रामटेके. इथल्या एका पेपरात छब्बीस वर्षांपासून नोकरीले आहो. मले कोणी ओळखत नाही, कारण मी जे लिहितो त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव येत नाही. शहराच्या पानावर खाली डाव्या बाजूले 'निधन वार्ता' असते ना, ती माझी. तुमच्या घरचं कोणी गेलं असन तं त्याच्या शेवटच्या चार ओळी बहुतेक मीच लिहिल्या. घरी आमी असे बोलतो, पण पेपरात मी एकदम शुद्ध लिहितो. शुद्धलेखनात मले हात धरणारा ऑफिसात कोणी नाही, म्हणून शहराचं सगळं पान छपाईले जायच्या आधी माझ्या नजरेखालून जाते.

लोक काउंटरवर चिठ्ठी अन् फोटो घेऊन येतेत. मी पाच गोष्टी विचारतो. नाव, वय, राहणार कुठले, मागं कोण कोण आहे, अन् घाट कोणता. कशानं गेले हे मी विचारत नाही, ते मले समजते. म्हातारा माणूस असन तं वृद्धापकाळाने. दवाखान्याची जाडी फाइल हातात असन तं प्रदीर्घ आजाराने. पण कधी वय वीस-पंचवीसचं राहते, बाप काउंटरच्या लाकडाकडे पाहात राहते, अन् चिठ्ठी मामा नाही तं काका पुढे करते. तिथं मी आपणच लिहितो, 'अल्पशा आजाराने'. मंग बाप मान वर करून माझ्याकडे पाहाते. काही बापायनं हात जोडले मले. ऑफिसात म्हणतेत, रामटेके काका दयाळू माणूस आहे. मागच्या तीन-चार वर्षांत ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली का बोटं आपोआप चालतेत.

मागच्या पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या पोराची वार्ता मीच लिहिली. अल्पशा आजाराने लिहिलं असतं तं ऑफिसातल्या लोकायनं ओळखलं असतं. म्हणून मी लिहिलं, 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'.

अश्विन नाव त्याचं. अठ्ठावीस वर्षांचा होता. एम.ए. झाला होता, परीक्षा देत होता. भरती निघे, फॉर्म भरे, परीक्षा पुढे जाये, मंग ते प्रकरण कोर्टात जाये, अन् पोट्टा पुन्हा पुस्तकं काढून बसे. मधात एका कुरिअरवाल्याकडे काम केलं, तेही सुटलं. आता तुम्ही म्हणाल, हेच कारण. मले नाही वाटत. त्याच्यासंगचे पोट्टे त्याच्याहून रिकामे होते, ते आजही चौकात बसून खिदळतेत. कारण मले माहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. उन्हाळ्यापासून तो आमच्यासंग जेवत नव्हता. झोपत नव्हता. आंघोळीले चारदा म्हणावं लागे. आवाज दिला का पोट्टा जरा वेळानं मान फिरवे, जसा का दूरून कोणी बोलावून राहिलं.

माझी बायको प्रेमिला, तिनं मले तीनदा म्हटलं का याले मनाच्या डॉक्टरले दाखवू. तिन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, पागलखान्याच्या लाइनीत आपल्याले कोणी पाहिलं तं पोरीले कोण करन? श्वेता आमची लहान, पंचवीसची, बी.एड. झालेली. तिच्यासाठी तवा पोरं पाहणं चालू होतं. अश्विनले मी बोलावलं अन् उपाय सांगतला. म्हटलं, सकाळी उठत जा, धावाले जात जा, रगत फिरलं का सगळं बरोबर होते. तो "हाव पप्पा" म्हणे. दोन दिवस गेलाही धावाले. माझं मन राखाले गेला होता तो, हे मले आता समजते.

तो गेला तवा पोलीस आले, पंचनामा झाला, कागद झाले. ते कागद मी कपाटात कुलपात टाकले. मोहल्ल्याले सगळं माहीत होतं, मोहल्ल्याले माहीत राहतेच, पण तोंडानं कोणी बोललं नाही. मी अटॅक म्हटलं, तं सगळे म्हणे हाव, आजकाल कोवळ्या पोरायलेही येऊन राहिला अटॅक. जलदानाच्या दिवशी, म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतेत त्या विधीले, विहारात एक एक जण उभा राहून अश्विनबद्दल बोलला. स्वभावानं चांगला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. प्रेमिला बोलाले उठाले लागली. मी तिचं मनगट धरून तिले खाली बसवलं. ती बसली. त्यानंतर तिनं कोणासमोर पोराचं नावच घेतलं नाही.

तं अशा घरात ती हिरोची बातमी आली.

मंगळवारी ऑफिसात दुर्गेशनं मिटिंग घेतली. दुर्गेश आमच्या शहर पानाचा प्रमुख आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण हुशार पोरगा, अन् मनाचा चांगला. म्हणे एक पूर्ण पान करू, आत्महत्या का वाढून राहिल्या. मंग तज्ज्ञायले फोन झाले. एकानं सांगतलं मोबाइल, एकानं सांगतलं एकत्र कुटुंब तुटलं, एकानं सांगतलं नोकऱ्या नाहीत. एका बाईनं पाच उपाय लिहून पाठवले, त्यातला पहिलाच होता का रोज सकाळी धावायला जावे. ते पान माझ्याकडे तपासाले आलं. ती ओळ मी दोनदा वाचली. शुद्धलेखन बरोबर होतं, म्हणून पुढे गेलो.

थोड्या वेळानं दुर्गेश माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसला. म्हणे, काका, तुमच्या काउंटरवर तं सगळं शहर येते, एखादं घर सांगा ना, जे आपल्याशी बोलन. नावबिव नाही टाकत. मले पस्तीस-चाळीस घरं तोंडपाठ होती. जरीपटक्याचं, नंदनवनचं, हुडकेश्वरचं. एकेका पोराचा फोटो डोळ्यापुढे होता, कोणाची दाढी नुकतीच आलेली, कोणाच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. मी म्हटलं, अशी नोंद माझ्याकडे राहत नाही. खोटं नव्हतं ते. मीच आतापर्यंत ठेवली नव्हती, तं राहीन कुठून? मंग त्या जागेवर सरकारी आकडे टाकले, कोण्या जुन्या वर्षाचे, अन् बाजूले हिरोचा हसता फोटो.

घरी वेगळाच तमाशा. प्रेमिला तीन दिवस टीव्हीपुढून हालली नाही. गुरुवारी मी घरी गेलो तं कूलर बंद, खोली भट्टीसारखी तापलेली, अन् ही तशीच बसलेली. पडद्यावर हिरोची म्हातारी आई रडत होती, अन् माईकवाले तिच्या तोंडात माईक घालून राहिले होते. मले राग आला. म्हटलं, बंद कर ते, जनावरं आहेत साले, बाईले धड रडूही देत नाही.

प्रेमिला पडद्याकडेच पाहात होती.

"रडू तं देऊन राहिले ना तिले," ती म्हणे. "सगळा देश विचारून राहिला, बाई, तुझा पोरगा काहून गेला. मले आठ महिन्यांत कोणी विचारलं? तुम्ही तरी विचारलं?"

मी म्हटलं, खापरखेड्याचं एकदा होऊ दे. होऊ दे म्हणजे काय, ते सांगतो. श्वेताचं खापरखेड्याले जमलं होतं. पोरगा प्रीतम, पॉवर हाऊसमध्ये परमनंट, कॉलनीत क्वार्टर. त्याचा बाप दादाजी तिथूनच रिटायर झालेला, बोलका माणूस, पण चौकस. पहिल्याच भेटीत त्यानं मले हसत हसत विचारलं होतं का तुमच्या घराण्यात बीपी, शुगर, डोक्याचं वगैरे काही? मी म्हटलं, बीपी आहे थोडं. पोरगा अटॅकनं गेला म्हटल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला होता. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे. हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, श्वेताच्या बोटाचं माप गेलं. हे मोडलं तं पोरगी घरात बसन, अन् मंग लोक तिच्याकडेही त्याच नजरेनं पाहातीन. बापानं काय करावं, तुम्हीच सांगा.

प्रेमिलाले मी हेच सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, साक्षगंध झालं का तुम्ही म्हणाल लग्न होऊ दे, लग्न झालं का म्हणाल तिचं लेकरू होऊ दे, मी मरून जाईन तवापर्यंत अन् माझ्याही चार ओळी तुम्हीच लिहाल. मी आवाज चढवला, नको नको ते बोललो. श्वेता आतल्या खोलीत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं सगळं ऐकलं असन, पण तवा मले तिचं भान नव्हतं.

शुक्रवारी सांजेले धरमपेठेत त्या हिरोसाठी मेणबत्ती मोर्चा होता. कॉलेजचे पोट्टे-पोट्टी होते, अन् एका पुढाऱ्यानं आपला फोटो हिरोच्या फोटोहून मोठा छापून फ्लेक्स लावला होता. प्रेमिलानं मले सकाळी सांगतलं होतं का ती शेजारच्या वच्छलाबाईसंग विहारात जाऊन राहिली. मी म्हटलं जा, मन रमन तुझं.

साडेसातच्या सुमाराले उन्मेष आला. उन्मेष आमचा फोटोग्राफर, चंद्रपूरहून सहा महिन्यांमागं आलेला, माझ्या घरच्यायले त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दुर्गेशच्या कम्प्युटरवर त्यानं फोटो उघडले अन् मलेही आवाज दिला का काका, या, हा पाहा, जमला का नाही सांगा.

फोटोत मेणबत्त्याच मेणबत्त्या होत्या. सगळ्यायच्या हातात त्या हिरोचा रंगीत कागद. मधोमध एक बाई, निळ्या साडीतली, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. इतकं मोठ्यानं रडताना मी तिले कधी पाहिलं नव्हतं, पोरगा गेला त्या दिवशीही नाही. एका हातात मेणबत्ती, अन् दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली फ्रेम. आमच्या हॉलमधली. अश्विनची.

उन्मेष वही काढून वाचाले लागला. बाईनं आपलं नाव सांगतलं नाही, म्हणे अश्विनची आई लिहा. अन् तिनं जे सांगतलं ते त्यानं शब्दाले शब्द लिहून आणलं होतं.

"माझा पोरगा अटॅकनं नाही गेला. त्यानंही असंच केलं. तो डरपोक नव्हता, थकला होता. आमी त्याले डॉक्टरकडे नेलं नाही. हे छापा."

दुर्गेश अश्विनच्या वेळी घाटावर आला होता. त्यानं फोटोकडे पाहिलं, मंग माझ्याकडे पाहिलं, अन् काही न विचारता उठून केबिनचं दार लावलं. मी म्हटलं, हाव, माझी बायको आहे. उन्मेषनं वही मिटली.

दुर्गेश हळू आवाजात बोलला. म्हणे, काका, तुमच्या मनाविरुद्ध मी एक अक्षर छापणार नाही. पण खरं असन तं छापू या. त्या तज्ज्ञायच्या पूर्ण पानाहून ही चार-पाच वाक्यं मोठी आहेत, कोण्या एखाद्या घरी पोराले डॉक्टरकडे नेतीन तरी. पोरगा कळवळून बोलत होता. मले त्याचं म्हणणं पटलंही. पटलं असून मी काय बोललो ते आईच्यान सांगतो, कारण सांगाले माझ्याजवळ दुसरं काही उरलं नाही.

मी म्हटलं, "तिचं डोकं ठिकाणावर नाही, पोरगा गेल्यापासून. अटॅकच होता तो. आपल्याच पेपरात आलं आहे, काढून पाह्य."

दुर्गेशनं खरंच काढलं. कम्प्युटरवर मागच्या वर्षीची तारीख टाकली, पान उघडलं, अन् खाली डाव्या बाजूले मी लिहिलेल्या चार ओळी वाचल्या. सॉरी काका, म्हणे. इतकी वर्षं मी लोकायसाठी जे लिहीत आलो, ते त्या दिवशी माझ्या बायकोविरुद्ध पुरावा म्हणून माझ्याच कामी आलं.

तो म्हणे, मंग हा फोटोच काढून टाकतो. इथं तरी मी गप्प राहायले पाहिजे होतं. पण माझं डोकं धंद्याच्या हिशेबानं चालत होतं. धरमपेठेच्या चौकात दोन-तीनशे माणसं होती. कोणी ऐकलं असन, कोणी मोबाइलमध्ये घेतलं असन. ते फिरत फिरत खापरखेड्याले जाईन. मंग दादाजी फोन करन, अन् मी काय सांगू? पण पेपरात छापून आलं का लोक तेच धरून चालतेत, हे मी छब्बीस वर्षांपासून पाहून राहिलो. कानानं ऐकलेलं ते विसरतेत. म्हणून मी म्हटलं, फोटो ठेव, फक्त खालून काप.

उन्मेषनं हात मागं घेतला. म्हणे, माझ्यानं होत नाही काका, तुम्हीच कापा. मी खुर्चीवर बसलो अन् कापला. फ्रेम गेली, तिचे हात गेले. तिचं तोंड उरलं अन् मेणबत्तीची ज्योत उरली. फोटोखाली मी लिहिलं, 'लाडक्या अभिनेत्याच्या आठवणीने धरमपेठ येथे अश्रू अनावर झालेली एक चाहती.' पुन्हा एकदा वाचलं. 'अभिनेत्या'त एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली. अन् पान सोडलं.

घरी गेलो तं प्रेमिला जेवून बसली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या आधी जेवण केलं होतं. फ्रेम भिंतीवर जागच्या जागी होती. लपवाछपवी नाही, काही नाही, सरळ म्हणे, मी आज सांगून आली. पेपरवाला पोरगा होता, लिहून घेतलं त्यानं. तुम्हाले काय बोलायचं ते बोला. मी हात धुवाले गेलो. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला होता, ताप उतरल्यावर राहते तसा. तिनं मले वाढलं, वांग्याची भाजी, अन् माझ्यासमोर बसून राहिली.

"उद्याच्या पेपरात येईन ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, पाहू. अन् दोन पोळ्या खाल्ल्या.

शनिवारी पेपर येण्याच्या आधीच ती दारात उभी होती. पेपरवाल्याच्या हातून घेतला, तिथंच उभ्यानं उघडला. तिले फोटो शोधावा लागला नाही, शहराच्या पानावर वरतीच होती ती. मी हॉलमध्ये चहाचा कप धरून बसलो होतो. ती फोटो पाहात होती अन् फोटोच्या खालच्या कडेवर बोट फिरवत होती, कागदाले घडी पडली असन अन् बाकीचा फोटो घडीखाली असन असं पाहात होती. मंग आत आली, माझ्यासमोर पेपर ठेवला.

"अश्विनले कुठी ठेवलं?"

मी म्हटलं, "पानावर जागा नव्हती."

ती रडली नाही, भांडली नाही. मी वाट पाहात होतो भांडायची. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाजी होता, खापरखेड्याहून. आवाज खणखणीत, सगळ्या घराले ऐकू जाईन असा. म्हणे काय रामटेके, आमच्या विहीणबाई तं हिरोच्या फॅन निघाल्या, आमच्या कॉलनीत सगळ्यायनं पेपर पाहिला, प्रीतमची आई म्हणे बाई भल्ली हळवी आहे. अन् हसला. मीही हसलो. म्हटलं, हाव ना, लहानपणापासून फॅन आहे, त्याचं एक पिक्चर सोडलं नाही तिनं. साक्षगंधाच्या जेवणाचं विचारलं त्यानं, ते सांगतलं. फोन ठेवला तवा मले खरंच हायसं वाटलं. जे कराले गेलो होतो ते झालं होतं. प्रेमिला तिथं नव्हती. भिंतीवरची फ्रेम काढून ती मागच्या खोलीत गेली होती अन् आतून दार लावून घेतलं होतं.

श्वेता मात्र हॉलच्या दारात उभी होती. मले वाटलं कप न्याले आली, म्हणून कप पुढे केला. तिनं घेतला नाही. ही पोरगी कधी उलटून बोललेली मले आठवत नाही. त्या दिवशीही ती ओरडली नाही.

"दादाले डॉक्टरकडे नेलं नाही, तवा माझं नाव घेतलं तुम्ही. त्याले अटॅक लिहिला, तवाही माझंच नाव. आता मम्मीले फॅन केलं, तेही माझ्यासाठी. पप्पा, मलेही झोप येत नाही चार महिन्यांपासून. जेवण जात नाही. मले काही झालं तं मंग कोणाचं नाव घ्याल?"

मी कप खाली ठेवला. माणसाच्या हाताले काही काम लागते अशा वेळी. मी उठलो, जिन्याखालच्या डब्यातून पेचकस काढला, अन् सरळ श्वेताच्या खोलीकडे गेलो. तिच्या दाराले आतून जी कडी आहे तिचे स्क्रू काढाले लागलो. चार स्क्रू होते, एक गंजलेला. घाम डोळ्यात जात होता. श्वेता मागं येऊन उभी राहिली अन् पाहात राहिली. चौथा स्क्रू निघाला, कडी हातात आली, लाकडावर चार भोकं दिसाले लागली.

"कडी काढून काय होते पप्पा," ती म्हणे. "इथं बसा. दादाबद्दल बोला माझ्याशी. काहीही बोला."

मी तिच्या पलंगावर बसलो. ती खाली फरशीवर बसली, माझ्याकडे तोंड करून. बोलाले किती तरी होतं. अश्विन सात वर्षांचा असताना आमी रामटेकले गेलो होतो. गडाच्या पायऱ्या मोजत तो चढला, मधात आकडा विसरला, अन् रडत रडत पुन्हा खालपासून मोजाले उतरला. मी त्याच्यामागं खाली गेलो होतो. हे सांगावं असं मनात आलं. तिले म्हणावं का उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ, साक्षगंध गेलं चुलीत, हेही मनात आलं. मी तोंड उघडलं. हजारो माणसायबद्दल चार-चार ओळी लिहिणारा मी, माझ्या तोंडातून माझ्या पोराबद्दल एक शब्द निघाला नाही. श्वेता वाट पाहात होती. खोलीत पंख्याचा आवाज होता, अन् पलीकडच्या बंद दारामागं प्रेमिलाचा तेवढाही नव्हता.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. पाहिलं तं ऑफिसचा नंबर. श्वेतानं मान हालवली, नका उचलू म्हणून.

मी उचलला.